अजिंक्यपद जिंकल्यानंतरच्या कारकिर्दीची तयारी कशी करावी

2 एप्रिल 2001 रोजी मिनीॲपोलिसमध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संघाने ॲरिझोनाला 82-72 असे हरवून अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचे अजिंक्यपद पटकावले. त्या संघातले शेन बॅटिए पुढे एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, 13 हंगाम खेळले आणि माइक डनलीव्ही 15. जे विल्यम्स यांच्या वाट्याला मात्र एकच हंगाम आला. म्हणून महाविद्यालयात खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पहिली गोष्ट ही धरून चालावी की, खेळ कधी थांबणार हे आपल्याला आधी कळत नाही आणि पुढच्या आयुष्याची तयारी खेळत असतानाच करावी लागते.

त्या तयारीत पदवीला सर्वांत वरचे स्थान द्यावे. विल्यम्स यांनी समाजशास्त्राची पदवी तीन वर्षांतच पूर्ण केली आणि मगच 2002 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत, उतरले, जिथे शिकागो बुल्सने त्यांना दुसऱ्या क्रमांकावर निवडले. 19 जून 2003 रोजी मोटरसायकलच्या अपघातात त्यांच्या कमरेचे हाड मोडले, डाव्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले आणि पायाचा मुख्य मज्जातंतू तुटला. मोटरसायकल चालवण्यास त्यांच्या करारातच मनाई होती. करारावर सही करण्यापूर्वी त्यातले प्रत्येक कलम जाणकाराला शेजारी बसवून वाचावे, आणि कोणत्या कृतीने करार मोडतो व दुखापत झाल्यास पैसे कोण देतो, या दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या हाताने लिहून ठेवावीत. विल्यम्स यांनी पुनरागमनासाठी मनापासून धडपड केली, पण एनबीएमध्ये त्यांना पुन्हा जागा मिळाली नाही. पुढे ते दूरचित्रवाणीवर खेळाचे विश्लेषक झाले. पॉइंट गार्ड, म्हणजे संघाच्या चाली रचणारा खेळाडू, म्हणून मैदान वाचण्याची जी सवय त्यांना लागली होती, तीच इथे कामी आली, असे मला वाटते.

दुसरे काम नेमके कुठे शोधावे, या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते: गुण मिळवण्याखेरीज आपण मैदानावर काय करतो, ते नीट पाहावे. बॅटिए एनबीएच्या ह्यूस्टन संघाकडून खेळताना प्रतिस्पर्धी कोणत्या जागेवरून किती वेळा चुकतो याची आकडेवारी सामन्याआधी अभ्यासत, त्याला त्याच जागेकडे ढकलत, आणि चेंडू अडवण्यासाठी उगाच उडी न मारता नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तळहात धरत. मायामी हीट संघासोबत 2012 आणि 2013 ची विजेतेपदे मिळवून 2014 मध्ये ते निवृत्त झाले आणि 2017 मध्ये त्याच संघाच्या आकडेवारी विश्लेषणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. डनलीव्ही आधी खेळाडू पारखण्याच्या कामात शिरले आणि 2023 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीए संघाचे महाव्यवस्थापक झाले.

हे आपल्याला जमेल का, हे पाहण्यासाठी एक वही करावी. सामन्याचे चित्रीकरण लावून एकच चढाई चार वेळा पाहावी: पहिल्यांदा चेंडूकडे, मग चेंडूपासून सर्वांत दूर असलेल्या खेळाडूकडे, नंतर बचाव करणाऱ्यांच्या पायांकडे आणि शेवटी राखीव खेळाडूंच्या बाकाकडे. दर वेळी दोन ओळी लिहाव्यात. ज्याची वही बाकाच्या नोंदींनी भरते त्याने प्रशिक्षणाकडे वळावे, आणि ज्याला आकडे मांडावेसे वाटतात त्याने संख्याशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम त्याच वर्षी घ्यावा.

महाराष्ट्रातील खेळाडूंनी याच्या जोडीला कागदपत्रांकडेही लक्ष द्यावे. शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, मात्र आपली स्पर्धा त्या निकषांत बसते का हे आधी तपासावे आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी. भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांची संधी हुकते, आणि इतक्या वर्षांची मेहनत एका कागदापायी वाया जाताना पाहणे फार क्लेशदायक असते. ज्यांना प्रशिक्षक व्हायचे आहे, त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील पदविकेची प्रवेश पात्रता पदवीच्या शेवटच्या वर्षातच पाहून ठेवावी.