अकरावीला गणित सोडलं, त्याची गोष्ट

2014 चा जून. जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून दहावी होऊन मी वडिलांसोबत लातूरला आले होते. प्रवेशाच्या फॉर्मवर पीसीएम, पीसीबी, पीसीएमबी असे तीन चौकोन होते, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित, बायो किंवा दोन्ही. दहावीला बीजगणित आणि भूमिती दोन्हींत मला उत्तम गुण होते, ते विषय मला मनापासून आवडायचे. पण ज्या क्लासला नाव घातलं होतं तिथले सर म्हणाले, "डॉक्टर व्हायचंय ना? मग गणिताचं ओझं कशाला? तेवढा वेळ बायोला दे." वडिलांनी मान डोलावली, मी पीसीबीवर खूण केली. दोन मिनिटांचं काम होतं. ते निस्तरायला मला एक वर्ष लागलं.

बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, 11 फेब्रुवारी 2016 ला गुरुत्वीय लहरी सापडल्याची बातमी आली. पुढच्याच आठवड्यात केंद्र सरकारने अशा लहरी टिपणाऱ्या भारतातल्या लायगो प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली आणि नंतर त्यासाठी औंढ्याचं नाव पुढे आलं. औंढा नागनाथ म्हणजे आमचं श्रावणातल्या सोमवारी दर्शनाला जायचं गाव. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं यंत्र बसणार आणि ते प्रोटॉनपेक्षाही हजारो पट लहान अंतराचा फरक टिपणार, हे वाचून मी रात्रभर जागी होते. मेडिकलला माझा नंबर लागला नाही. मी बीएस्सी फिजिक्सला प्रवेश घ्यायला गेले, तर मार्कमेमो बघून कॉलेजातल्या क्लार्कने पहिलाच प्रश्न केला, "बारावीला गणित कुठंय?"

माझ्यासारखं कुणाचं झालं असेल तर आधी हे वाचा. बारावी पास झाल्यावरही बोर्डाकडे एखाद्याच विषयाचा फॉर्म भरून परीक्षा देता येते. बोर्डाच्या भाषेत त्याला 'तुरळक विषय' म्हणतात. मी 2017 ला असा गणिताचा पेपर दिला आणि मगच फिजिक्सला गेले. म्हणजे वाट बंद होत नाही. पण अकरावी आणि बारावी अशा दोन वर्षांचं गणित एकटीने, घरी बसून, एका वर्षात करणं फार जड जातं. ती वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हे सगळं लिहिते आहे. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते आणि दर जूनला तोच फॉर्म हातात घेतलेली पोरं बघते.

गणित एवढं का लागतं? त्या घरी बसलेल्या वर्षात मला ते आमच्या विहिरीवर कळलं. विहिरीत खडा टाकायचा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजायची, पाणी किती खाली आहे ते काढायचं. सूत्र दहावीपासून पाठ होतं: अंतर म्हणजे अर्धा गुणिले जी (गुरुत्व त्वरण, साधारण 9.8) गुणिले वेळेचा वर्ग. वेळ आली दीड सेकंद, खोली निघाली अकरा मीटर. वडील म्हणाले, "सहा-सात परसावर हाय पाणी," एक परस म्हणजे साधारण माणसाएवढी उंची, तेव्हा जुळलं. पण पुन्हा टाकला तर 1.6 सेकंद, पुन्हा 1.4. मग खोली नेमकी किती धरायची? त्याच आठवड्यात मी डेरिव्हेटिव्ह शिकत होते, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती दराने बदलते ते. अंतराचं वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह घेतलं तर येतं जी गुणिले वेळ, म्हणजे दीड सेकंदाला साधारण 14.7. वेळ मोजताना सेकंदाचा दहावा भाग चुकला, तर खोली जवळजवळ दीड मीटरने चुकते! बारावीला मी 'त्रुटी' या शब्दाची व्याख्या घोकली होती. ती त्रुटी कुठून येते आणि किती मोठी असते, हे त्या दिवशी विहिरीच्या काठावर, वहीच्या मागच्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

गणिताचे धडे पुढे कुठे भेटतात तेही सांगते, कारण बारावीत हे सहसा कुणी सांगत नाही. डिफरन्शियल इक्वेशन हा मुलांना सर्वांत निरस वाटणारा धडा. बीएस्सीला दोलन, विद्युतमंडल, किरणोत्सर्ग हे सगळं त्याच्यावरच चालतं. व्हेक्टर कच्चे असतील तर विद्युतचुंबकत्वात पानापानाला अडखळायला होतं. मॅट्रिक्स तिसऱ्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्समध्ये परत येतात. प्रॉबॅबिलिटी तर पेपरात ऑप्शनला टाकायचा धडा म्हणून मुलं सोडून देतात आणि मग स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सला रडतात. मी शिकवते त्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा 'मॅथमॅटिकल मेथड्स' आहे. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन अगदी शेवटी, भाग दोनमध्ये येतं. त्यामुळे जूनमध्ये पोरं घाबरतात. घाबरू नका. दहावीच्या सुट्टीत लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह एवढे दोन धडे कुणाकडून तरी समजून घ्या, बाकी होतं सगळं.

जीवशास्त्राचं काय, हा पुढचा प्रश्न. फिजिक्सच्या पदवीसाठी ते लागत नाही. पण पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांत जायचं मनात असेल तर आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात साठ प्रश्न असतात आणि त्यातले पंधरा जीवशास्त्राचे. बारावीला जीवशास्त्र नसलं तरी ती देता येते, फक्त त्या पंधरा प्रश्नांची तयारी स्वतः करावी लागते. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईतलं सीईबीएस या तशाच संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी प्रवेश परीक्षा असते. तिथे चारपैकी चांगले गुण असलेले तीन विभाग धरतात, त्यामुळे गणितवाल्यांचं नुकसान होत नाही. आमच्या भागातल्या किती तरी हुशार मुलांना या परीक्षांची नावंही बारावी झाल्यावर कळतात, तोवर फॉर्मची तारीख गेलेली असते. याचं मला फार वाईट वाटतं. नीट आणि जेईईचे बोर्ड चौकाचौकात लागतात, या परीक्षांचा मात्र एकही दिसत नाही.

केमिस्ट्री असणारच, तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. बायफोकलचा, म्हणजे अकरावी-बारावीत घेता येणाऱ्या व्यावसायिक विषयाचा, विचार मात्र नीट करा. ते दोनशे गुणांचं असतं आणि दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतं. म्हणजे पीसीएमसोबत ते घेतलं की जीवशास्त्राला जागा राहत नाही. केवळ गुण मिळतात म्हणून क्रॉप सायन्स घेणारी मुलं आमच्याकडे पुष्कळ आहेत. फिजिक्सकडे जाणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स बघावं. माझ्या बरोबरीच्या ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, त्यांचे हात सोल्डरिंगला आणि मल्टिमीटरला सरावलेले होते. बीएस्सीच्या प्रयोगशाळेत मी सर्किट जोडायला तास घालवायचे, त्यांचं दहा मिनिटांत व्हायचं.

प्रॅक्टिकलचे तीस गुण सगळ्यांनाच मिळतात, म्हणून जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाचं उतरवून काढायची पद्धत आहे. मीही तेच केलं. मीटर ब्रिज या विद्युत रोध मोजायच्या साधनावर जॉकी सरकवून गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणणं मी बीएस्सीला पहिल्यांदा केलं. तुमच्या कॉलेजात प्रयोगशाळा उघडत नसेल तर सरांच्या मागे लागा, चार पोरं मिळून लागा.

मराठी माध्यमाची धास्ती बाळगू नका. मी वहीचे दोन रकाने केले होते: चाल आणि स्पीड, वेग आणि व्हेलॉसिटी, संवेग आणि मोमेंटम, जडत्व आणि इनर्शिया. दिवाळीपर्यंत त्या वहीची गरज संपली. उलट संवेग म्हणजे काय हे मराठीत पक्कं असल्याने इंग्रजी वाक्य वाचताना अर्थ आधी डोळ्यासमोर यायचा.

परवा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते, सेनगावकडचे. "मॅडम, पोरगी म्हणती फिजिक्स करायचंय. घरचे म्हणतेत डॉक्टर. काय भरावं?" मी म्हटलं, दादा, ठरत नसेल तर पीसीएमबी भरा. अकरावीचा अभ्यास जास्त होईल, तेवढा सोसा. बारावीला एक विषय बदलता येतो. पण अकरावीला न घेतलेलं गणित बारावीला धरायचं म्हटलं तर फार अवघड जातं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने माझ्याच टेबलावरचा पेन उचलला आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली.