एकहाती स्पे कास्टिंग: पाण्यात उतरण्यापूर्वीची तयारी

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे फ्लाय (पिसं-दोरे बांधलेला हलका नकली किडा) जड लाइनच्या वजनाने फेकून मासे पकडताना, पाठीमागे झाडी किंवा कडा असेल तर डोक्यावरून टाकायचा नेहमीचा कास्ट (फेक) उपयोगाचा नाही, कारण लाइन मागे उलगडायला जागाच नसते. स्पे कास्टमध्ये ती पूर्ण मागे जातच नाही. लाइनचं टोक आणि लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक दोरा) शेजारच्या पाण्यावर टेकतात, बाकीची लाइन रॉडच्या मागे इंग्रजी डी अक्षरासारखी फुगते आणि त्या फुगवट्याच्या वजनाने रॉड वाकतो. पाण्यावर टेकलेला भाग म्हणजे अँकर, मागचा फुगवटा म्हणजे डी-लूप. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर ही पद्धत दोन हातांनी धरायच्या लांब रॉडसाठी रुळली. ९ फुटी एकहाती रॉडवर भूमिती तीच, पण उचलता येणारी लाइन कमी, डी-लूप लहान आणि चुकीला वाव त्याहून कमी. खालची सगळी तयारी अँकर धरावा आणि डी-लूप नीट भरावा, एवढ्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे उलगडायचा साधा कास्ट, तपासा. ३० फूट लाइन बाहेर ठेवून दहांतले आठ रोल कास्ट सरळ जायला हवेत, आणि लूप (पुढे जाणाऱ्या लाइनचा वळसा) पाण्यावरून घरंगळत न जाता हवेत उलगडायला हवा. तो घरंगळत असेल तर पुढचा फटका खाली मारला जातोय किंवा रॉड उंचावर थांबत नाहीये. हीच सवय स्पेमध्ये जशीच्या तशी येते आणि तिथे ती ओळखणं अवघड जातं, कारण तोवर लक्ष द्यायला आणखी चार गोष्टी आलेल्या असतात. रोल कास्ट कच्चा असेल तर दोन आठवडे तोच करा.

आता साहित्य. रॉड नवा घ्यायची घाई नको. ९ ते १० फुटी, ६ नंबरचा (नंबर म्हणजे रॉड आणि लाइनचा वजनगट), मध्यम ॲक्शनचा, म्हणजे मध्यापर्यंत वाकणारा, रॉड पुरेसा आहे. फार कडक रॉड अर्ध्या भरलेल्या डी-लूपने वाकत नाही आणि शिकणाऱ्याचा डी-लूप सुरुवातीला अर्धाच भरतो. खर्च करायचा असेल तर लाइनवर करा. प्रमाणित तक्त्यानुसार ६ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १६० ग्रेन, म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम भरतात. ५ नंबरला हा आकडा १४० आणि ७ नंबरला १८५. हे वजन डोक्यावरून टाकायच्या कास्टसाठी धरलेलं आहे, जिथे सगळी लाइन हवेत असते. स्पेमध्ये लाइनचा काही भाग पाण्यावर राहतो, त्याचं वजन रॉडला जाणवत नाही. म्हणून त्याच रॉडवर एक नंबर जड लाइन किंवा मुद्दाम एकहाती स्पेसाठी बनवलेली लाइन लावतात.

वजनाइतकीच लाइनच्या हेडची, म्हणजे पुढच्या जाड भागाची लांबी महत्त्वाची. रॉडच्या लांबीच्या तीन ते साडेतीन पट हे शिकण्यासाठी चांगलं माप. ९ फुटी रॉडला २७ ते ३२ फूट. त्याहून लांब हेड एका हाताने पाण्यावरून सोडवताना दमछाक होते. १२ ते १८ फुटांचे आखूड, जड स्कॅजिट हेड बुडणारी टोकं आणि मोठे फ्लाय टाकायला उत्तम, पण पहिल्यांदा ते टाळावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्यावर जोराने भागून जातं आणि वेळ साधायची सवय लागत नाही. हातात जुनी डबल टेपर लाइन (दोन्ही टोकांना निमुळती, मधे सलग जाड) असेल तर ती बिनधास्त वापरा. ती लांब सुटत नाही, पण रोल आणि स्पेसाठी तिचा सलग जाड पोटाचा भाग छान काम देतो.

हेड जिथे संपून बारीक रनिंग लाइन सुरू होते तिथे पक्क्या शाईच्या पेनाने बोटभर लांबीची खूण करा. कास्ट सुरू करताना ही खूण रॉडच्या टोकाशी किंवा फार तर दोन फूट बाहेर हवी. चार-पाच फूट बाहेर गेली की बारीक लाइन जोर पुढे पोचवत नाही, लूप मधेच कोसळतो आणि माणूस विनाकारण हाताला दोष देत बसतो.

लीडर निमुळता, टिपेटसकट (टोकाचा सगळ्यात बारीक तुकडा) १० ते १२ फूट, टिपेट १० ते १२ पौंड ताकदीचं. आखूड लीडरला पाण्यावर पकड मिळत नाही आणि अँकर घसरतो. फार लांब लीडर शेवटी उलगडत नाही. टोकाला नखाएवढा लोकरीचा रंगीत झुपका बांधा, किंवा गळाचा बाक कापून टाकलेला जुना फ्लाय. टोकाला काहीच न बांधता सराव करू नका. अँकर नीट धरत नाही आणि टिपेट चाबकासारखं फटफटून टोकाशी झिजतं. बुडणारं टोक पुढच्या टप्प्यासाठी ठेवा, कारण ते लावलं की दर कास्टआधी एक रोल कास्ट करून लाइन वर आणावी लागते.

लाइन आदल्या दिवशी धुवा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडक्यातून सगळं हेड ओढून घ्यायचं, मग साध्या पाण्याने आणि कोरड्या फडक्याने. मळलेल्या लाइनचं टोक बुडतं आणि बुडालेला अँकर सुटत नाही. रिळावरची वेटोळी घालवायला लाइन हातभर-हातभर घेऊन हलकेच ताणा.

रॉडच्या जोडांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. डोक्यावरच्या कास्टमध्ये रॉड एकाच पातळीत वाकतो. स्पेमध्ये तो वळसा घेत फिरतो आणि दर फेरीला जोड थोडा पिळला जातो. अर्ध्या तासात वरचा तुकडा सैल होतो. सैल जोडावर जोराचा कास्ट बसला तर तो तुकडा उडून पाण्यात जातो किंवा जोडाचं तोंड उभं चिरतं. तुकडे जोडताना लाइन ओवायच्या कड्या पाव वळसा तिरक्या ठेवून घुसवा आणि दाबतच सरळ रेषेत आणा. मग प्रत्येक जोडावर इन्सुलेशन टेपचे दीड-दोन घट्ट वेढे द्या. टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलं तर ओल्या बोटांनीही सुटतं. सराव संपल्यावर टेप लगेच काढा, रात्रभर राहिली तर चिकटा उरतो.

सरावाची जागा निवडताना पाणी माणसाच्या चालीच्या वेगाने वाहणारं, गुडघाभर खोल, तळाशी वाळू किंवा बारीक खडी असलेलं बघा. मागे १५ फूट तरी मोकळे हवेत, आणि वर बघायला विसरू नका. डी-लूप मागे जातो तसा वरही जातो, लोंबकळणारी एक फांदी पुरते. कमरेएवढ्या पाण्यात शिरलात तर रॉड तेवढा आखूड झाल्यासारखा होतो आणि डी-लूपचा खालचा भाग पाण्यावर आपटतो. तळ्यावर रोल कास्ट छान होतो, पण प्रवाह नसल्याने दर वेळी लाइन ताणून पुन्हा जागेवर आणावी लागते. गवतावर अँकर धरतच नाही. नाइलाज असेल तर जाड नायलॉनच्या तुकड्यांचा लीडर बांधून प्रत्येक गाठीची टोकं दोन इंच लांब ठेवा, ती गवतात अडकून थोडी पकड देतात.

काठ आणि वारा यांचा हिशेब लाइन ओली करण्याआधी पूर्ण व्हायला हवा, कारण इथली चूक थेट चेहऱ्यावर येते. नियम एकच: वारा ज्या बाजूला वाहतोय, अँकर आणि डी-लूप शरीराच्या त्याच बाजूला. म्हणजे लाइन वाऱ्याने तुमच्यापासून दूर ढकलली जाते. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर अँकर खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जातं त्या बाजूला, त्यासाठी डबल स्पे किंवा स्नेक रोल हे स्पे कास्टचे प्रकार. वारा प्रवाहाविरुद्ध असेल तर अँकर वरच्या अंगाला, त्यासाठी सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. नदीकडे तोंड करून उभे राहा. पाणी डावीकडून उजवीकडे जात असेल तर उजव्या हाताच्या माणसाचा उजवा खांदा खालच्या अंगाला येतो, म्हणून डबल स्पे सोयीचा. पाणी उलट जात असेल तर उजव्या खांद्यावर सिंगल स्पे आणि स्नॅप-टी बसतात. वारा आणि काठ जुळत नसतील तेव्हा रॉड छातीवरून आडवा नेऊन डाव्या खांद्यावरून कास्ट करावा लागतो किंवा हात बदलावा लागतो. पहिले काही दिवस ही कसरत नको. वारा मंद असलेली वेळ आणि डबल स्पे जमेल असा काठ निवडा. डबल स्पेमध्ये अँकर पाण्यावर क्षणभर टिकून राहतो, विचार करायला सवड मिळते. सिंगल स्पे आणि स्नेक रोलमध्ये अँकर टेकता टेकता पुढचा फटका द्यावा लागतो, म्हणून ते नंतर.

डबल स्पेचा क्रम घरीच पाठ करा, रॉडचा फक्त खालचा तुकडा हातात घेऊन. पाणी डावीकडून उजवीकडे वाहतंय असं धरू. लाइन उजवीकडे, प्रवाहात सरळ ताणलेली; रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं. टोक फूटभर जरी वर असलं तरी तेवढी लाइन ढिली राहते आणि उचलण्याचा पहिला भाग ती ढील काढण्यातच जातो. पाय, विशेषतः पुढचा पाय, फ्लाय जिथे पडायला हवा तिकडे रोखलेले. कमरेतून फक्त उजवीकडे वळायचं. हळू उचला, हात डोळ्यांपर्यंत. मग रॉड अंगासमोरून डावीकडे नेऊन टोक खाली टेकवा. आता लाइनचं टोक आणि लीडर तुमच्या उजवीकडे, साधारण एका रॉडच्या अंतरावर पडायला हवेत. जास्त ओढलं तर अँकर अंगाजवळ किंवा तुमच्या पलीकडे येतो आणि पुढे जाणारी लाइन त्याला ओलांडते. कमी ओढलं तर फार लाइन पाण्यात चिकटून राहते. इथून रॉड उजवीकडे, जवळपास आडवा पण किंचित चढत्या रेषेत फिरवा. पाण्यावरची लाइन साल सोलून निघावी तशी एका टोकाकडून सुटत जाते आणि तिच्यामागे पांढरी रेघ उठते. रेघ अँकरपाशी पोचत आली की हात वर, अंगठा कानाच्या उंचीला. डी-लूप भरला की पुढे, आणि घड्याळातल्या साडेदहाच्या काट्यावर रॉड एकदम थांबवा.

अंगठा मुठीच्या वर ठेवा. मनगट मोडत असेल तर रॉडचं बूड शर्टाच्या बाहीत खोचा किंवा हातावर सैल रबरबँड लावून त्यात अडकवा. डाव्या हातात लाइन नुसती ताणून धरायची. दोन हातांच्या रॉडवर खालचा हात जे ओढण्याचं काम करतो ते एकहातीवर डाव्या हाताच्या हॉलने (फटक्याच्या वेळी लाइनला दिलेल्या झटक्याने) होतं, त्यामुळे हॉल शिकावाच लागेल. पण अँकर सरळ पडायला लागेपर्यंत तो बाजूला ठेवा. नंतरही पुढच्या फटक्याच्या शेवटी फूटभराचा झटका पुरतो.

सरावाला सोबत कोणी असेल तर चित्रीकरण मागून, लक्ष्याच्या सरळ रेषेत करून घ्या, आणि एकदा बाजूने. मागून बघताना अँकरची रेषा लक्ष्याच्या दिशेला समांतर आहे का, हे पाहायचं. ती आडवी किंवा वाकडी पडली असेल तर पुढचा फटका कितीही चांगला असो, जोर अँकर सरळ करण्यात जातो. अशा वेळी फटका मारूच नका, लाइन प्रवाहात सोडून पुन्हा सुरू करा. बाजूने बघताना रॉड फिरवताना टोक मागे खाली झुकतं का ते तपासा. झुकलं तर डी-लूप पाण्यात पडतो. अँकर उडून चटकन् आवाज आला तर रॉड फार जोरात फिरवलाय किंवा लीडर आखूड आहे. लाइन चिकटून फटका जड वाटला तर फिरवणं संथ झालंय किंवा पुढे येण्याआधी जास्त थांबलात.

लक्ष्य ४० ते ४५ फुटांवर ठेवा, आणि सुरुवातीला नदीच्या सरळ पलीकडे नाही. लाइन जिथे ताणलेली आहे तिथून ३० ते ४५ अंशांचाच बदल करा. ते पक्कं झाल्यावर ६०, मग ९०. कोन वाढला की अँकर वाकडा पडण्याची शक्यता वाढते.

डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर कडा असलेली टोपी लोकरीचा झुपका बांधला असला तरी हवीच. वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घालत असाल तर कमरेचा पट्टा आवळा, घसरड्या तळावर काठी घ्या. खिशात कात्री, दोन जादा लीडर, लोकर, टेप. ४५ मिनिटांनी दहा मिनिटं विश्रांती घ्या आणि तेव्हा जोड हाताने पिळून बघा. कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. दमलेला हात वेळ साधत नाही, नुसता जोर लावतो, आणि लागोपाठ तीन-चार अँकर उडाले की ते दमल्याचंच लक्षण समजा. घरी आल्यावर लाइन रिळावरून सैल काढून वाळवा, मगच पुन्हा गुंडाळा.