मॉडेल बनवताना कपडे का खराब होतात? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या घरांत प्रतिकृती बनवण्याचा छंद दोन वाटांनी येतो. एक वाट दिवाळीतल्या किल्ल्याची: दगड, तांबडी माती, पोती, गेरू आणि अलीकडे प्लास्टर ऑफ पॅरिस घेऊन मुले अंगणात राजगड किंवा येळ्ळूरचा राजहंसगड उभा करतात. दुसरी वाट पेटीतून येणाऱ्या प्लॅस्टिक किटची, म्हणजे १:७२ प्रमाणातले विमान, १:३५ चा रणगाडा किंवा १:८७ ची रेल्वे. सामान वेगळे असले तरी धुण्याच्या दिवशी निघणारी तक्रार दोन्हीकडे सारखीच असते, आणि तिचे उत्तर म्हणून "जरा जपून रंगवत जा" एवढेच सांगितले जाते. या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण प्रत्यक्ष रंगवताना डाग क्वचितच पडतात. ब्रश हातात असतो तेव्हा लक्ष ब्रशच्या टोकावर असते. शर्ट खराब होतो तो झाकण उघडताना, हात पुसताना, कोणी हाक मारली म्हणून घाईने उठताना आणि काम संपल्यावर ब्रश धुताना. आणि पडलेला डाग कायमचा होतो तो बहुतेक वेळा त्यानंतरच्या पाच मिनिटांत केलेल्या उपचारामुळे.

झाकणाशी झटापट

रंगाची बाटली बंद करताना तिच्या आट्यांमध्ये राहिलेला रंग सुकतो आणि झाकण चिकटून बसते. पुढच्या वेळी ते सहज निघत नाही, म्हणून बाटली पोटाशी धरून जोर लावला जातो. झाकण हळूहळू सैल होत नाही, एकदम सुटते, आणि उरलेल्या जोरासरशी बाटली हिसकून रंगाची धार थेट शर्टाच्या बटणपट्टीवर येते. टाळण्याचा उपाय आदल्या दिवशीच करायचा असतो: बंद करण्यापूर्वी बाटलीचा काठ आणि झाकणाची आतली बाजू फडक्याने पुसून घ्यावी. झाकण अडकलेच, तर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाची बाटली काही मिनिटे कोमट पाण्यात उलटी धरावी. पाण्यात न मिसळणाऱ्या एनॅमल किंवा लॅकर रंगाच्या बाटलीला मात्र गरम पाणी लावू नये, कारण त्यातला द्रावक ज्वालाग्राही असतो आणि उष्णतेने आत दाब वाढतो. एनॅमलची छोटी पत्र्याची डबी टेबलावर फडक्यात धरून, स्क्रूड्रायव्हरच्या रुंद टोकाने चारी बाजूंनी थोडी थोडी उचकटावी. एकाच बाजूने उचकटल्यास झाकण उडते.

रंग हलवण्याचेही तसेच आहे. झाकण नीट बसले आहे असे गृहीत धरून बाटली खळखळ हलवण्यापेक्षा किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून कापलेल्या प्लॅस्टिकच्या काडीने रंग ढवळणे बरे. तळाशी बसलेला साका त्याने अधिक चांगला मिसळतो, हा वरचा फायदा.

प्लॅस्टिक जोडण्याच्या पातळ सिमेंटच्या, म्हणजे द्रव गोंदाच्या, बाटल्या ब्रश लावलेले झाकण उघडे असताना हाताच्या धक्क्याने कलंडतात. त्यासाठी अनेक जण थर्मोकोलच्या ठोकळ्यात खळगा करून त्यात बाटली ठेवतात. युक्ती चांगली, साहित्य चुकीचे. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन, आणि हे सिमेंट पॉलिस्टायरिन विरघळवण्यासाठीच बनवलेले असते. चार थेंब सांडले तरी ठोकळा वितळून बसतो आणि उरलेली बाटली मांडीवर येते. सुताराकडचा लाकडाचा तुकडा, बाटलीच्या बुडाएवढा खळगा पाडून घेतला, की वर्षानुवर्षे पुरतो.

मांडीवर काम करणे

आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून किंवा पाटावर बसून काम करण्याची सवय असते, त्यामुळे छोटा भाग जोडताना तो साहजिकच मांडीवर धरला जातो. फेव्हिक्विकसारख्या झटपट गोंदाच्या बाबतीत ही सवय धोक्याची आहे. हा गोंद सायनोॲक्रिलेट असतो, आणि सुती किंवा लोकरीच्या कापडावर तो फार वेगाने घट्ट होताना बरीच उष्णता सोडतो. थेंब मोठा असेल तर कापडातून धूर निघतो आणि खालची कातडी भाजू शकते. असे झाल्यास त्या जागेवर लगेच भरपूर थंड पाणी ओतावे आणि कातडीला चिकटलेले कापड ओढून काढू नये. याच कारणासाठी या गोंदासोबत काम करताना सुती हातमोजे घालू नयेत, आणि सांडलेला गोंद कापसाने किंवा बनियनच्या चिंधीने टिपू नये. मांडी घालूनच काम करायचे असेल तर मध्ये चौरंग किंवा प्लायवूडची फळी घ्यावी.

हात मांडीला पुसणे ही दुसरी सवय आहे आणि ती उपदेशाने जात नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या मांडीवरच ओलसर फडके ठेवावे. हात नेहमीच्या जागी जाईल आणि तिथे पँटऐवजी फडके सापडेल.

निसटलेले बारीक भाग झेलण्यासाठी एप्रनची खालची कड क्लिपने टेबलाला अडकवण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग होतो, पण दाराची बेल वाजल्यावर ती क्लिप आठवत नाही, आणि उठणाऱ्याबरोबर टेबलावरचे सगळे अंगावर येते. उठताच आपोआप सुटेल अशी वेल्क्रोची पट्टी क्लिपऐवजी लावावी.

जुना शर्ट पुरेसा आहे हा समज

"जुने कपडे घालून बसा" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. जुन्या शर्टाच्या बाह्या सैल झालेल्या असतात, आणि सैल बाहीची कडच रंगाच्या थाळीवरून फिरते. बाह्या कोपराच्या वर दुमडाव्यात किंवा त्यांना रबर लावावे. बेळगावच्या थंडीत स्वेटर काढवत नाही हे खरे, पण स्वेटरचा तंतू ओल्या रंगात जातो, रंग स्वेटरला लागतो आणि लोकरीवरचा डाग काढणे सर्वांत कठीण. शिवाय झटपट गोंदाचे वर सांगितलेले दुखणे लोकरीलाही आहे. आत जाड बनियन आणि वर घट्ट मनगटाचा शर्ट, ही व्यवस्था थंडीत अधिक सोयीची पडते.

पॉलिस्टरच्या कपड्यांवर स्थिर विजेमुळे प्लॅस्टिक घासताना उडणारी पूड चिकटते. सुती कपड्याला ती कमी चिकटते, पण सुती कापड रंग चटकन पिते. सर्व कामांना योग्य असे एक कापड नाही. तरीही निवड करायचीच झाली तर जाड विणीच्या सुती ड्रिलचा एप्रन घ्यावा. कापड खडे बाजारातून आणून तो शिवून घेतलेला उत्तम, कारण स्वयंपाकघरातला तयार एप्रन उभे राहून काम करणाऱ्यासाठी असतो आणि बसल्यावर मांडी उघडी टाकतो. बसल्यावर गुडघ्याखाली एक वीत येईल एवढी लांबी आणि दोन्ही मांड्या झाकेल एवढी रुंदी ठेवावी. पुढे खिसा ठेवू नये. त्यात ब्रश ठेवला जातो आणि रंग आतून झिरपतो.

पावसाळ्यातला फवारा

जून ते सप्टेंबर या काळात खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबी भागात तर विशेषच, कपडे बाहेर वाळत नाहीत. सोप्यात दोरी बांधलेली असते, आणि हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश किंवा रंगाचा स्प्रे कॅनही पावसामुळे त्याच सोप्यात वापरला जातो. फवाऱ्यातला जो रंग मॉडेलवर बसत नाही तो बारीक थेंबांच्या रूपात हवेत तरंगतो. त्यातले काही थेंब हवेतच सुकून धुळीसारखे खाली बसतात, काही ओले असतानाच कपड्यांवर टेकतात. पंखा लावल्याने वास कमी होतो, पण हा रंग घरभर पसरतो. मग ज्याने छंद केला त्याचे कपडे स्वच्छ राहतात आणि दोरीवरचा दुसऱ्या कोणाचा तरी पांढरा सदरा ठिपकेदार होतो. फवारणीपूर्वी दोरी रिकामी करावी, मागे व तीन बाजूंना पुठ्ठ्याचे खोके उभे करावे, आणि खोक्याचे तोंड खिडकीकडे नव्हे तर आपल्याकडे ठेवून मागच्या बाजूने हवा बाहेर खेचणारा पंखा बसवावा. ज्वालाग्राही थिनर वापरत असल्यास साध्या पंख्याच्या मोटरची ठिणगी धोक्याची ठरते, म्हणून त्या रंगांची फवारणी पाऊस उघडल्यावर मोकळ्या जागी करणेच योग्य.

डाग पडल्यावर होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे डाग घासणे. घासल्याने रंग धाग्यांच्या आत जातो आणि रुंदही होतो. ओला रंग आधी सुरीच्या पाठीने किंवा पुठ्ठ्याच्या कडेने उचलावा, मग डागाखाली कोरडे फडके ठेवून कापडाच्या उलट्या बाजूने, कडेकडून मध्याकडे येत, टिपून काढावा.

दुसरी चूक म्हणजे डाग कशाचा हे न पाहता हाताशी असलेले काहीही ओतणे. ॲक्रिलिक रंग ओला असेपर्यंत थंड पाणी आणि भांड्यांच्या द्रव साबणाने निघतो. सुकल्यावर तो प्लॅस्टिकचा पापुद्रा होतो. मग पाणी काही करत नाही, पण आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो मऊ पडतो आणि जुन्या टूथब्रशने थोडा थोडा सुटतो. एनॅमलला पाणी लावून उपयोग नाही. त्याला मिनरल टर्पेंटाइन लागते, आणि नंतर टर्पेंटाइनचाच तेलकट डाग काढण्यासाठी द्रव साबण. सुकलेला झटपट गोंद ॲसिटोनने सैल होतो. मात्र ॲसिटोन आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर ॲसिटेट जातीचे कापड विरघळवतात, आणि कोटाचे अस्तर अनेकदा याच कापडाचे असते. टी-शर्टवरची छपाई आणि काही प्लॅस्टिकची बटणेही त्यांनी खराब होतात. म्हणून कोणतेही रसायन आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद एकदा पूर्ण घट्ट झाला की कापडाला इजा न करता निघत नाही, तेव्हा त्याच्यामागे संध्याकाळ घालवू नये.

तिसरी चूक गरम पाण्याची आणि इस्त्रीची. डाग फिकट झाला म्हणून शर्ट वाळवून इस्त्री केली, तर उरलेला ॲक्रिलिक धाग्यांत पक्का बसतो. डाग पूर्ण गेल्याची खात्री उजेडात धरून करावी आणि तोपर्यंत इस्त्री दूर ठेवावी.

रंगांच्या पुडीची, म्हणजे मॉडेलवर धूळ किंवा गंज दाखवण्यासाठी वापरतात त्या पिगमेंटची, रीत नेमकी उलटी आहे. तिला पाणी अजिबात लावू नये. कापड झटकावे, उरलेली पूड चिकटपट्टीने उचलावी, आणि मगच कपडा धुवावा.

माती, गेरू आणि प्लास्टर

रेल्वेच्या मॉडेलसाठी कॅसलरॉक ते कुळे घाटाचा देखावा करणाऱ्याला आणि दिवाळीचा किल्ला करणाऱ्याला तांबड्या मातीचा डाग सारखाच परिचित असतो. या मातीचा आणि गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि पांढऱ्या गणवेशावरचा असा डाग पाहून प्रथम ब्लीच आठवतो. तेच टाळावे, कारण क्लोरीनचे ब्लीच लोहाचा डाग काढण्याऐवजी अधिक पक्का करते. चिखल पूर्ण वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, साबणाने धुवावा, आणि तरीही तांबूस छटा राहिलीच तर लिंबाचा रस व मीठ लावून कापड उन्हात ठेवावे व नंतर खळबळून काढावे. आधी ब्लीच वापरून झाले असेल तर कापड भरपूर पाण्यात धुतल्याशिवाय लिंबू लावू नये. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसचेही वाळू द्यावे आणि झटकावे. ओले प्लास्टर लागलेला कपडा मोरीत धुतला तर कपडा कसाबसा स्वच्छ होतो, पण मोरीचा पाइप तुंबतो. रेल्वेच्या मॉडेलमध्ये रुळांखालची खडी बसवण्यासाठी करतात ते फेव्हिकॉल, पाणी आणि साबणाच्या थेंबाचे मिश्रण अंगावर सांडल्यास ओले असतानाच धुवावे. सुकले असेल तर कोमट पाण्यात बराच वेळ भिजत ठेवावे.

धुण्यात टाकण्यापूर्वी

टर्पेंटाइन किंवा थिनर लागलेला कपडा तसाच वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये. त्याची वाफ बंद ड्रममध्ये साठून पेट घेऊ शकते, आणि रंग उरला असेल तर तो इतर कपड्यांना लागतो. असा कपडा आधी बाहेर सावलीत पसरून वास पूर्ण जाऊ द्यावा, मग हाताने वेगळा धुवावा. घरातले धुणे दुसरे कोणी करत असेल तर डाग कशाचा आहे आणि त्यावर काय लावून झाले आहे हे कपडा हातात देतानाच सांगावे. पुसायच्या फडक्यांबाबत आणखी एक दक्षता हवी. मॉडेलवर डाग-ओघळ दाखवण्यासाठी चित्रकारांचे तैलरंग वापरतात, त्यात जवसाचे तेल असते, आणि या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती सुकताना आपोआप तापून पेटू शकतात. ती एकेक उलगडून बाहेर वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.