यजमान निवडताना आधी तक्रारी वाचा

प्रवासात कामाच्या बदल्यात राहणं-जेवण मिळवायचं असेल, तर घराचे सुंदर फोटो नंतर बघा. आधी तिथे राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचा, त्यातही कमी रेटिंगचे. एकच तक्रार दोघातिघांनी केली असेल तर ती खरी धरा. मग यजमानाला स्पष्ट विचारा: रोज किती तास काम, सुट्टी कधी, खोली स्वतंत्र की इतरांसोबत, जेवण किती वेळचं? वर्कअवे या अशा यजमानांशी गाठ घालून देणाऱ्या वेबसाइटवर साधारण दिवसाला 5 तास, आठवड्याला 5 दिवस असा संकेत आहे. ‘आल्यावर ठरवू’ म्हणणारा यजमान मी तरी टाळेन. व्हिसाही तपासा, अनेक देशांत पर्यटक व्हिसावर असं बिनपगारी कामसुद्धा चालत नाही. दोन-तीन रात्रींच्या हॉटेलचे आणि परतीचे पैसे जवळ असू द्या, म्हणजे पटलं नाही तर लगेच निघता येतं.