आधी धूर बघा, मग पाना उचला

डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून आयटीआयमधून बाहेर पडलो, तेव्हा इंजिन उघडून परत बांधता येत होतं आणि त्याचा थोडा माजही होता. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ एका गॅरेजात लागलो आणि पहिल्याच पावसाळ्यात तो माज उतरला.

गाडी होती टाटाची १६१३. जुन्या टाटाच्या नंबरातच गाडीची कुंडली असते: १६ म्हणजे मालासकट साधारण १६ टन, १३ म्हणजे १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. आत कमिन्सचं सिक्स बीटी इंजिन, ५.९ लिटरचं, टर्बोवालं, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा असलेलं. ड्रायव्हरची तक्रार अशी की पिकअप गेलाय, कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर रांगावं लागतं आणि मागून काळा धूर. काळा धूर ऐकल्याबरोबर मी ठरवून टाकलं की नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे, गेले. सहाच्या सहा काढले, पंपवाल्याकडे पाठवले. त्याने टेस्ट करून परत दिले, म्हणाला एकदम ठीक आहेत. परत बसवले, धूर जसाच्या तसा. मग मी नोझलला डिझेल देणारा पंप उतरवायच्या तयारीला लागलो.

तेवढ्यात आमचे मिस्त्री आले. त्यांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला विचारलं, "अण्णा, केबिनमध्ये धुराचा वास येतो का?"

"येतो की. डोळे चुरचुरतात. म्हटलं जुनी गाडी आहे, यायचाच."

मिस्त्रींनी टॉर्च मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलेंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या बिडाच्या नळीच्या, मागच्या टोकावर मारली. सहाव्या सिलेंडरजवळ हेडवर (सिलेंडरांवरच्या झाकणावर) काजळीचा काळा फराटा उठला होता आणि शेवटच्या बोल्टचं डोकं जागेवर नव्हतं. मी दोन दिवस त्याच्या वीतभर अंतरावर हात घालत होतो.

कारण समजून घ्या, कारण इथेच नवीन पोरं फसतात. टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. तो जोर टर्बोच्या आधीच गळून गेला, तर टर्बो हवा कमी ढकलणार. पंप मात्र डिझेल नेहमीइतकंच देतो. डिझेल जास्त आणि हवा कमी म्हटल्यावर धूर काळाच येणार. गळती एक्झॉस्टची आणि लक्षण डिझेलचं. मालकाचे नोझलच्या टेस्टिंगचे पैसे आणि गाडी उभी राहिली त्या दोन दिवसांचं भाडं, दोन्ही माझ्या घाईने गेलं.

तेव्हापासून मी गाडी थंड असताना पहिल्यांदा सुरू करतो. मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते, त्यामुळे बऱ्याच गाड्या रात्री येऊन लागतात आणि सकाळपर्यंत गार होतात. हा फुकटचा फायदा घ्या. ड्रायव्हरला सांगून ठेवा की मी आल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. मॅनिफोल्डची गळती थंड इंजिनावर टिक-टिक वाजते आणि लोखंड तापून फुगलं की आवाज दबतो. दुपारी ऐकलंत तर काही सापडणार नाही. हाच आवाज टॅपेटसारखा, म्हणजे व्हॉल्व्हची फट वाढल्यासारखा वाटतो, म्हणून लोक टॅपेट सेट करत बसतात. टॅपेटचा संशय असेल तर फिलर (फट मोजायची पातळ पाती) लावून खात्री करा. या इंजिनाला थंड असताना इनटेकला ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.५० लागतं.

धुराचं म्हणाल तर सकाळी मिनिटभर पांढरा आला तर सोडून द्या. इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (हेडखालचं गळती अडवणारं पॅकिंग) किंवा हेडच. निळसर म्हणजे ऑईल जळतंय: पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हचे गाईड नाहीतर टर्बोचं सील. काळ्याला मात्र आधी एअर फिल्टर, मग टर्बोपासून इनटेकपर्यंतचे होज, मग एक्झॉस्टची गळती. नोझल आणि पंप सगळ्यात शेवटी, कारण तिथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा) असेल तर त्याची झडप अर्धवट अडकली नाही ना, हेही बघा. तिनेही गाडीचा दम कोंडतो.

इंजिन मिस मारत असेल तर आधी कोणता सिलेंडर मेलाय ते शोधा. थंड इंजिन सुरू करून थोड्या वेळाने मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर पाण्याचा थेंब टाका. पाच ठिकाणी चर्र होईल, एका ठिकाणी थेंब नुसता ओघळेल. तोच तुमचा सिलेंडर. दुसरी रीत म्हणजे आयडलवर नोझलच्या पाईपचं एकेक नट सैल करायचं. ज्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला. पण चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका. त्या पाईपातलं डिझेल कातडीच्या आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

आता तुटलेला बोल्ट. या मॅनिफोल्डला १२ बोल्ट असतात आणि मोडतात ते बहुतेक टोकाचे. एवढा लांब बिडाचा तुकडा तापून वाढतो, गार होऊन आखडतो, आणि ती सगळी ओढाताण टोकाच्या बोल्टांवर येते. मोडका तुकडा हेडच्या थोडा बाहेर असेल तर तुमचं नशीब. आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी बॅटरीच्या केबल काढा, नाहीतर वेल्डिंगमध्ये अल्टरनेटर उडेल. तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, लाली जाईपर्यंत थांबा आणि पाना लावून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं हलवत राहा. पहिल्यांदा नट निखळलं तर दुसरं लावा. मी एका गाडीवर पाच नट खर्ची घातले, पाचव्याने कुर्रर्र असा आवाज दिला आणि तुकडा फिरला. त्या आवाजासारखं सुख नाही.

तुकडा आतच मोडला असेल तर मधोमध ड्रिल मारावं लागतं, आणि इथे बाकड्यावरचं शिक्षण कामाला येत नाही, कारण जागा अडचणीची आणि तुम्ही वाकडे. इझी-आऊट, म्हणजे भोकात घालून मोडका तुकडा उलटा फिरवून काढायचं हत्यार, जोराने फिरवू नका. मी एकदा फिरवला, तो आत मोडला. त्याचं पोलाद इतकं कडक की साधा ड्रिल त्यावरून नुसता घसरतो. शेवटी हेड उतरवावं लागलं. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मॅनिफोल्ड उतरला की लगेच नवीन गॅस्केट लावून परत चढवायची घाई नको. सरळ पट्टी ठेवून खालून फिलर घालून बघा. त्या १६१३ च्या मॅनिफोल्डखाली ०.२० मिलिमीटरची पाती आरामात जात होती. लेथवाल्याकडून तोंडं एका पातळीत करून घेतली. तडा असेल तर बिडाचं वेल्डिंग होतं, पण आधी नीट तापवून, निकेलचा रॉड वापरून आणि नंतर राखेत पुरून सावकाश गार केलं तरच. नाहीतर बाजूलाच नवा तडा जातो. माझं मत विचाराल तर कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला जुना चांगला मॅनिफोल्ड शोधावा. टांगून पान्याने ठोकून बघा. धडका असेल तर टण्ण वाजतो, तडा असेल तर आवाज बसका येतो.

चढवताना हेडमधले आटे १० मिलिमीटरच्या टॅपने साफ करून घ्या. सहा सिलेंडरची सहा वेगळी गॅस्केट असतात, त्यांचं तोंड उलटं लागू देऊ नका. आवळायला मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, ४३ न्यूटन-मीटरवर, तेही दोन-तीन टप्प्यांत. अंदाजाने पाईप लावून आवळणारे मी पाहिलेत. पुढचा मोडका बोल्ट त्यांच्याच कृपेने येतो.

सायलेन्सरचं फार सांगण्यासारखं नाही. इथल्या खाऱ्या, दमट हवेत तो खालून सडतो, वरून रंग मारलेला दिसतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खालच्या बाजूने दाबून बघा, घुसलं तर बदला. सगळं झालं की मगच पीयूसीला पाठवा. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे आणि ही गाडी त्यात आरामात बसली.

एक काम मात्र राहतंच. इंजिन एकदा पूर्ण तापवून गार झाल्यावर सगळे बोल्ट परत तपासायचे. ड्रायव्हर थांबत नाही, त्याला रात्रीच्या आत नाशिक गाठायचं असतं. म्हणून मी चावी खिशात घालतो आणि म्हणतो, "चला अण्णा, आधी जेवून घेऊ."