कोबोलमधला जुना प्रोग्राम जावामध्ये नेताना

बँकेच्या मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) रोज रात्री चालणारा, कोबोल या जुन्या संगणकभाषेतला व्याज-आकारणीचा प्रोग्राम जावामध्ये नेण्याचे काम पुण्या-मुंबईतल्या अनेक अभियंत्यांच्या वाट्याला येते, आणि कित्येकांचा कोबोलशी पहिला परिचय याच कामात होतो. त्यांच्यासाठी लिहिलेल्या या टिपणात एकच आग्रह धरला आहे: नवा प्रोग्राम पैशापैशापर्यंत जुन्यासारखाच वागतो हे सिद्ध होईपर्यंत त्यात एकही सुधारणा करू नये. जुन्यात उघड चूक दिसली तरी ती तशीच नव्यात उतरवावी आणि वेगळ्या यादीत नोंदवून ठेवावी. पोर्टिंग (प्रोग्राम एका भाषेतून दुसरीत नेणे) आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे एकदम केली, तर आउटपुटमध्ये पडलेला फरक कशामुळे पडला हे कोणालाच सांगता येत नाही.

सुरुवात कोड वाचण्यापासून करू नये. प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम आणि हाती आलेला सोर्स एकच आहे ना, हे आधी कंपाइल लिस्टिंगवरून (कंपाइलरने काढलेल्या अहवालावरून) पडताळावे आणि कंपाइलरचे पर्यायही तिथूनच टिपून घ्यावेत, कारण ‘ट्रंक’सारख्या एका पर्यायाने बायनरी फील्डमधल्या संख्येची काटछाट बदलते. मग जेसीएल (मेनफ्रेमवर जॉब चालवण्याच्या सूचना) वाचून कोणता जॉब कोणाच्या आधी धावतो आणि मध्येच थांबल्यास कुठून पुन्हा सुरू होतो, हे लिहून काढावे. त्यानंतर काही खऱ्या रात्रींचे इनपुट आणि आउटपुट जपून ठेवावे. त्यांत महिनाअखेर आणि तिमाहीअखेर असलीच पाहिजे. ग्राहकांची नावे आणि खातेक्रमांक बदलणे आवश्यकच आहे, मात्र फील्डची लांबी आणि नोंदींचा क्रम बदलता कामा नये. पुढची सारी परीक्षा या फाइलींवरच होणार आहे.

सर्वांत जास्त वेळ डेटाला द्यावा. मेनफ्रेमवरचा मजकूर एबसिडिक संकेतात असतो आणि जावाच्या बाजूला तो आस्की किंवा युनिकोडमध्ये लागतो, म्हणून अख्खी फाइल एका झटक्यात रूपांतरित करून घेण्याकडे कल असतो. तसे कधीही करू नये. समजा, शिल्लक रकमेचे फील्ड ‘पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३’ असे, म्हणजे पॅक्ड प्रकारचे आहे. म्हणजे नऊ अंक आणि एक चिन्ह पाच बाइटमध्ये भरलेले आहेत, प्रत्येक अर्ध्या बाइटमध्ये एक अंक आहे, दशांशचिन्ह फाइलमध्ये नाहीच आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमधला ‘सी’ म्हणजे अधिक, ‘डी’ म्हणजे उणे. १२,४०५.०० रुपये ही रक्कम तिथे हेक्समध्ये ००, १२, ४०, ५०, ०सी अशी दिसते. मजकूर समजून हे बाइट रूपांतरित केले, की एबसिडिकमधली मोकळी जागा असलेला ४० आस्कीमध्ये २० होतो, ‘अँड’चे चिन्ह असलेला ५० हा २६ होतो आणि बाकीचे तीन जसेच्या तसे राहतात. आता फील्डमध्ये ००, १२, २०, २६, ०सी आहे, म्हणजे १२,२०२.६० रुपये. ही संख्याही पूर्णपणे वैध असल्याने कोणताही प्रोग्राम तक्रार करत नाही आणि ग्राहकाचे २०२ रुपये ४० पैसे निमूटपणे नाहीसे होतात. म्हणून कॉपीबुक (नोंदीतल्या फील्डांची रचना सांगणारी फाइल) समोर ठेवून फील्डागणिक रूपांतर करावे. मजकुराचे फील्ड तेवढे संकेत बदलून घ्यावे आणि पॅक्ड फील्डचे अंक स्वतंत्रपणे सोडवावेत. ‘रीडिफाइन्स’ दिसले तर अधिक सावध राहावे, कारण तिथे त्याच बाइटांचा अर्थ नोंदीच्या प्रकारानुसार बदलतो.

हिशेबासाठी जावातला ‘डबल’ (दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार) वापरूच नये, त्या नेमक्या साठवणारा ‘बिगडेसिमल’च वापरावा. पण तेवढ्याने भागत नाही. कोबोलमध्ये ‘राउंडेड’ लिहिलेले नसेल, तर उत्तराचे जादा दशांश सरळ कापले जातात. एक लाख रुपयांवर ७ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज १९.१७८ रुपये येते, कोबोल १९.१७ ठेवतो आणि सवयीने ‘हाफ अप’ (अर्धा किंवा जास्त असेल तर वर नेणे) लिहिणारा अभियंता १९.१८ ठेवतो. जिथे ‘राउंडेड’ नाही तिथे ‘डाउन’ आणि जिथे नुसते ‘राउंडेड’ आहे तिथे ‘हाफ अप’, हे प्रत्येक ओळीला वेगळे तपासावे. शिवाय जुन्या प्रोग्रामने दैनिक दर आधी सहा दशांशांच्या फील्डमध्ये साठवला असेल, तर तो ०.०००१९१ इतकाच उरतो आणि व्याज १९.१० येते. दोन ओळींचे नेटके एक सूत्र करणाऱ्याला हे सात पैसे कुठून आले ते सापडत नाही. चार अंकी फील्डमध्ये १२३४५ टाकले आणि ‘ऑन साइझ एरर’ (संख्या मावली नाही तर काय करायचे ती सूचना) नसेल, तर तिथे २३४५ राहते, हेही ध्यानात असावे.

काही फरक लहान असले तरी हमखास अडवतात. एबसिडिकमध्ये आधी लहान अक्षरे, मग मोठी आणि शेवटी अंक असा क्रम लागतो, तर आस्कीमध्ये तो नेमका उलट असतो. त्यामुळे क्रमवार लावलेल्या दोन फाइली जुळवणारा प्रोग्राम नव्या क्रमात नोंदी गाळू शकतो. शब्दांची तुलना करताना कोबोल शेवटच्या मोकळ्या जागा धरत नाही, जावातले ‘इक्वल्स’ मात्र धरते. उपप्रोग्रामच्या ‘वर्किंग-स्टोरेज’मधली (त्याच्या चलांच्या जागेतली) मूल्ये सहसा एका कॉलनंतर पुढच्या कॉलपर्यंत टिकून राहतात, आणि कोणीतरी त्यावर विसंबून राहिलेले असते.

आपोआप भाषांतर करणारी साधने वापरायला हरकत नाही, मात्र त्यांतून निघणारा कोड जावाच्या वेशातला कोबोलच असतो. त्याला ‘जोबॉल’ असे नावही पडले आहे. माझ्या मते पहिल्या टप्प्यात तो चालतो, कारण त्याची जुन्याशी ओळीला ओळ लावून पाहता येते. रचना नंतर सुधारावी.

शेवटी दोन्ही प्रोग्राम एकाच इनपुटवर शेजारीशेजारी चालवावेत आणि आउटपुटची तुलना माणसाने नव्हे, तर स्क्रिप्टने फील्डागणिक करावी. सगळे एकाच दिवशी हलवू नये. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये स्थलांतराचा मुख्य टप्पा एकाच शनिवार-रविवारी उरकला. डेटा सुखरूप पोहोचला, पण नवी प्रणाली कोलमडली, ग्राहकांना खाती वापरता येईनात आणि डिसेंबर २०२२मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. म्हणून खऱ्या गर्दीच्या भाराची चाचणी वेगळी घ्यावी आणि एखाद्या छोट्या शाखासमूहापासून सुरुवात करावी. भारतातल्या बँकेचे काम असेल, तर ३१ मार्चची रात्र दोन्ही प्रणालींवर तंतोतंत जुळून पार पडेपर्यंत मेनफ्रेमवरचा जॉब बंद करू नये, कारण वर्षअखेरीच्या कोडची परीक्षा वर्षातून एकदाच होते. त्यानंतर चुकांची ती वेगळी यादी उघडावी आणि एकेक दुरुस्ती बँकेच्या लेखा विभागाची लेखी संमती घेऊन करावी.