हुक, बिजागरी, चाकं: गोव्याचं नौदल विमान संग्रहालय बघायला जाताना

सोमवार टाळा. वास्कोहून बोगमाळोला जाणाऱ्या रस्त्यावरचं नौदल विमान संग्रहालय सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवार किनाऱ्यावर घालवून संग्रहालय सोमवारवर ढकललं की फाटकापर्यंत जाऊन परत यावं लागतं. बाकीच्या दिवशी साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच ही वेळ धरा, पण नौदलाच्या कार्यक्रमांमुळे ती बदलू शकते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी कराच. तिकीट किरकोळ आहे. कॅमेऱ्याचे पैसे वेगळे लागू शकतात, तेव्हा सुटे पैसे आणि सोबत एक ओळखपत्र खिशात असू द्या.

दाबोळी विमानतळावर उतरणाऱ्यांना हे अगदी जवळ आहे. मडगाव स्टेशनवरून रस्त्याने तासभर धरा, मोपा विमानतळावरून दीड ते दोन तास. टॅक्सी केली असेल तर तिला थांबवून ठेवा, परतीची गाडी फाटकाशी हमखास मिळेल असं समजू नका. दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या; पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवताना पकडली गेली तर अर्धा दिवस तिथेच जातो. ड्रोन मुळीच नेऊ नका. शेजारी आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे आणि दाबोळीची धावपट्टीही नौदलाचीच. कॅमेरा प्रदर्शनातल्या विमानांकडे ठेवा, तळाच्या आणि धावपट्टीच्या दिशेला वळवू नका. रखवालदाराने एकदा हटकलं की उरलेला वेळ मोकळेपणाने बघता येत नाही.

विमानं उघड्यावर उभी आहेत, त्यामुळे सगळी तयारी उन्हापावसाच्या हिशेबाने करायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वात सोयीचे. मार्चपासून दुपारी पत्रा इतका तापतो की जवळ उभं राहिलं तरी झळ लागते. माणशी एक लिटर पाणी, टोपी आणि लांब बाह्यांचा सुती शर्ट एवढं पुरतं. पावसाळ्यात गवतावर पाणी साचतं, तेव्हा चपला नकोत, आणि छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण एका हातात छत्री असली की विमानाखाली वाकून बघता येत नाही. आणि इथे वाकायचंच असतं. पाऊस थांबल्यावर लगेच पोचलात तर पाणी कुठून निथळतंय ते दिसतं, आणि कुठे अडकून बसलंय तेही. ते का बघायचं, ते पुढे येईल.

एकूण अडीच तास राखून ठेवा. सकाळी उघडल्या उघडल्या बाहेरची विमानं, ऊन चढलं की आतलं दालन, आणि जमलं तर चारनंतर बाहेर दुसरी फेरी. सकाळी जी बाजू सावलीत होती ती संध्याकाळी उजळते, म्हणून दुसरी फेरी फुकट जात नाही. फक्त बाहेर पडण्याआधी आतल्या विक्रांतच्या प्रतिकृतीसमोर पाच मिनिटं थांबून या. मार्च १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली ती विमानवाहू नौका जेमतेम २१० मीटर लांबीची. त्या लांबीतून वाफेवर चालणारी कॅटापल्ट विमानाला पुढे फेकायची, आणि परत येणाऱ्याला डेकवर आडव्या ताणलेल्या तारा अडवायच्या. हे एकदा डोळ्यांत बसलं की बाहेरच्या प्रत्येक विमानाला विचारायचा प्रश्न आपोआप ठरतो: हे एवढ्याशा जागेत उतरायचं कसं, आणि उतरल्यावर मावायचं कुठे? हा प्रश्न बरोबर नेला नाही तर सगळी विमानं रंगवलेल्या सांगाड्यांसारखी एकसारखी दिसतात.

पिशवीत एक छोटी विजेरी आणि साधी दुर्बीण टाका. विजेरी चाकांच्या कप्प्यांत आणि हवा शिरण्याच्या तोंडांत डोकावायला, दुर्बीण उंचावरचे रिवेट (पत्रे जोडणारे खिळे) बघायला आणि शेपटीवरचे आकडे वाचायला. कॅमेऱ्याला रुंद कोनाचं भिंग लागतं, मोबाइलमधलं चालतं. एक गोष्ट हमखास चुकते: एसी गाडीतून थंड कॅमेरा थेट बाहेर काढला की गोव्याच्या दमट हवेतली वाफ काचेवर जमते, पुसली तरी पुन्हा येते. पोचण्याच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा, किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर आणा आणि पिशवीतच कोमट होऊ द्या. पांढरा-करडा चकचकीत रंग उन्हात फोटोत करपतो, म्हणून उजेड एक पायरी कमी ठेवा.

सुरुवात सी हॉक या लढाऊ जेट विमानापासून करा. शेपटीच्या टोकाला जाऊन बघा, तिथे जेटचं नळकांडं नाही. रोल्स रॉइसचं नेन इंजिन धडाच्या मधोमध आहे आणि त्याचा झोत दोन फाट्यांनी पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला बाहेर पडतो. त्यामुळे मागचं धड इंधनासाठी मोकळं राहिलं. आता पंखाच्या मधल्या सांध्याकडे या. ही बिजागरी. ती नीट बघायला दहा मिनिटं द्या: जाड पोलादी कान, त्यांतून आरपार जाणारी पिन, आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यात सोडलेली बोटभर फट. साधारण बारा मीटरचा पंख इथेच दुमडून विमान नौकेच्या पोटातल्या हँगरमध्ये उतरवायचे. मग शेपटीखाली वाका, पोटाला चिकटवून ठेवलेला दांडा म्हणजे हुक. डेकवरची तार त्यात अडकली की शंभरेक मीटरच्या आत विमान थांबायचं. तो धक्का धडाच्या सांगाड्यानेच सोसायचा, म्हणून हुकाच्या मुळाशी पत्रा दुहेरी-तिहेरी आहे का ते विजेरीने बघा. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरच्या याच जातीच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. फलक वाचण्याआधी हुक बघितलेला असेल तर ते वाक्य वेगळं कळतं.

आलिझे दिसायला बोजड, पण पाणबुडीच्या शोधासाठी बनवलेलं. फ्रेंच बांधणी, पुढे डार्ट टर्बोप्रॉप इंजिन (जेटसारख्या इंजिनाने प्रोपेलर फिरवणारं), आत तिघांची जागा. पोटाखालचा रडारचा घुमट आत ओढून घेता यायचा. तो उतरवलेला आहे की आत, आणि सांध्याची कड कुठे येते, ते शोधा. पंखांवरच्या फुगवट्यांत मागे चाकं जायची, आणि पुढच्या भागात पाण्यात टाकायचे आवाज टिपणारे तरंगे असायचे. हुक आणि बिजागरी इथेही आहेत. दोन्ही विमानांच्या बिजागऱ्या एका पाठोपाठ एक बघाव्यात, म्हणजे ब्रिटिश आणि फ्रेंच कारखान्यांनी एकच अडचण कशी वेगवेगळी सोडवली ते समजतं.

मग सी हॅरियर या लढाऊ जेटपाशी जा आणि हुक शोधा. सापडणार नाही. पंखही दुमडत नाहीत, कारण ते मुळातच जेमतेम पावणेआठ मीटरचे आहेत. लांबी कमी करायला नाक तेवढं बाजूला दुमडतं. धडाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन अशी चार फिरती तोंडं आहेत. पुढच्या दोहोंतून पंख्याची तुलनेने थंड हवा, मागच्या दोहोंतून गरम झोत, म्हणूनच मागच्या तोंडांमागे पत्र्याला उष्णतेपासून वाचवणारी वेगळी पट्टी दिसते. चारही तोंडं खाली वळवली की विमान सरळ उभं उतरायचं. अधांतरी असताना शेपटीची पाती निरुपयोगी, कारण त्यांच्यावरून हवाच वाहत नाही. तेव्हा तोल सांभाळायला नाक, शेपूट आणि पंखांची टोकं इथल्या छोट्या छिद्रांतून हवा सोडायचे. ती छिद्रं शोधणं हा मुलांसाठी उत्तम खेळ आहे. पंखांच्या टोकांजवळच्या बारीक चाकांवर मात्र कुणाला बसू देऊ नका. ही विमानं मे २०१६ मध्ये निवृत्त झाली.

शॉर्ट सीलँड या पाण्यावर आणि जमिनीवर उतरणाऱ्या विमानाकडे लोक फारसे थांबत नाहीत. थांबा. १९५३ मध्ये भारतीय नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात याच जातीच्या विमानांनी झाली, आणि जगात ही आता हातावर मोजण्याइतकीच उरली आहेत. पोट होडीचं, चाकंही आहेत. पोटाखाली मध्येच एक पायरी दिसेल. पाण्यावरून सुटताना पाणी पोटाला धरून ठेवतं, ती पकड तोडायला ती पायरी.

एचटी-२ हे लहानसं शिकाऊ विमान मराठी माणसाने हात जोडून बघावं असं आहे. त्याच्या आराखड्याचं काम विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे घाटगे जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकले, आणि परत येऊन हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कारखान्यात, देशात आखलेलं हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडवून दाखवलं. मुलांना बरोबर नेणार असाल तर हे नाव घरीच सांगून ठेवा.

व्हँपायर हे जुनं जेट विमान बघताना हात मागे बांधून बघा. दोन शेपटदांड्यांच्या मधला पुढचा भाग पत्र्याचा नाही, लाकडाचा आहे: प्लायवूडच्या दोन थरांत हलकं बाल्सा लाकूड चिकटवलेलं. दमट हवेत असा थर ओलावा धरतो, फुगतो आणि रंग सुटायला लागतो, म्हणून बोटाने दाबून बघायचा मोह आवरा.

सर्वात मोठं विमान सुपर कॉन्स्टेलेशन, मुळात प्रवासी विमान. याच्यासाठी पंचेचाळीस मिनिटं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजा, साधारण ३७ मीटर म्हणजे पन्नासेक पावलं होतात. चार इंजिनं, प्रत्येकात अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन चकत्यांत मांडलेले. बाहेर पडणाऱ्या धुरावर तीन छोटी टर्बाइन फिरवून ती ताकद परत मुख्य दांड्याला द्यायची, अशी याची रचना. ताकद वाढली पण इंजिन तापायचं, म्हणून इंजिनाच्या घेराच्या मागच्या कडेला उघडझाप होणाऱ्या झडपा आहेत. शेपटीला तीन पाती आहेत, कारण तेवढ्याच क्षेत्राचं एकच पातं लावलं असतं तर ते फार उंच होऊन हँगरच्या दारातून आत गेलं नसतं. पुढच्या चाकाचा दांडा एवढा उंच का, हे प्रोपेलरची पाती बघितली की कळतं. एअर इंडियाने आपल्या या विमानांना ‘रानी ऑफ झांसी’, ‘रानी ऑफ अजंता’ अशी नावं दिली होती. प्रवासी सेवेतून ती हवाई दलाकडे आली आणि १९७६ मध्ये समुद्रावरच्या टेहळणीसाठी नौदलाकडे. पूर्ण फोटो हवा असेल तर नाकाच्या तिरक्या पुढून, वीसेक पावलं मागे सरून घ्या. आत शिरायला मिळेल अशी आशा धरून जाऊ नका.

डागडुजी कशी झालीय हे बघायलाही तयारी लागते. ही विमानं उडवण्यासाठी नाही, उभी टिकवण्यासाठी रंगवलेली आहेत, आणि समुद्राची खारी हवा रोज त्यांच्या अंगावर आहे. ॲल्युमिनियमला लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. ती आधी रिवेटच्या डोक्याभोवती रंगाला बारीक फोड आणते, मग पत्र्याच्या कडेने पसरते. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या पत्र्यात असला आणि मध्ये खारट पाणी असलं की त्याच्याभोवतीचा ॲल्युमिनियम झिजतो. पोटाखालची पाणी निथळायची भोकं रंगाने बुजली तर आतून कुजणं सुरू होतं आणि बाहेरचा चकचकीत रंग ते झाकतो. म्हणून पोट, चाकांचे कप्पे आणि कॉकपिटच्या काचेच्या कडा अशा तीन ठिकाणी बघा. काच पिवळी पडून बारीक भेगाळलेली असेल तर तो उन्हाचा मार. टायरची कड जमिनीला टेकून चपटी झाली असेल तर भार चाकांवरच आहे, आधाराच्या घोड्यांवर घेतलेला नाही. हवेच्या तोंडांना झाकणं नसतील तर आत पक्ष्यांची घरटी असतातच, आणि विष्ठेतलं आम्ल पत्रा खातं.

निघण्याआधी प्रत्येक विमानावरचा ‘आयएन’ने सुरू होणारा क्रमांक वहीत लिहून घ्या, फोटोवर भरवसा ठेवू नका. उन्हाच्या तिरिपेत नेमका तोच पुसट येतो, आणि घरी गेल्यावर विमानाचा पुढचा-मागचा इतिहास शोधायला लागतो तोच.